बकरीला काय माहीत होतं?

मंगरूळपीरच्या बसस्टँडवरून दर्ग्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला झेरॉक्सची तीन दुकानं आहेत. पहिल्या दोन दुकानांत झेरॉक्स लगेच मिळते. तिसऱ्यात आधी संघपालचं डोकं पुस्तकातून बाहेर यायची वाट पाहावी लागते. त्यामुळे घाईचा माणूस पहिल्या दोनांत जातो, आणि तिसऱ्यात जातो तो एक तर संघपालचा मित्र असतो, नाही तर त्याला कॉमिक्स हवं असतं. आजकाल कॉमिक्स कोणालाच नको असल्यामुळे उरतात ते मित्रच.

पाटीवर मात्र अजून 'मैत्री कॉमिक्स सेंटर' असंच आहे. हे सेंटर संघपालनं विशीच्या आत टाकलं. त्याच्या वडिलांचा हट्ट होता की पोरानं वाचावं. पोरगं वाचायचं, पण काय वाचतं ते कळल्यावर वडिलांनी आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "वाच म्हनलं होतं, हे वाच नोतं म्हनलं," एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण अकोल्याहून एसटीच्या टपावर येणारा कॉमिक्सचा पहिला गठ्ठा उतरवून घ्यायला तेच गेले होते, हेही खरं.

कॉमिक्स भाड्यानं जायचं. अडचण एकच होती. एका पोरानं नेलेलं पुस्तक दहा घरं फिरायचं आणि दहाव्या घरातून कव्हर सोडून परत यायचं, नाही तर यायचंच नाही. अनामत मागावी तर पोट्ट्यांच्या खिशात गोट्या. तेव्हा संघपालनं एक युक्ती काढली. नवीन पुस्तक आलं की तो सगळ्यात आधी दाढीच्या ब्लेडनं, अर्धा इंच कोर ठेवून, त्याचं शेवटचं पान कापून घ्यायचा आणि पत्र्याच्या पेटीत टाकायचा. बाकीचं पुस्तक घरी न्या. खुनी कोण, खजिना कुठं, हिरो वाचला का मेला, ते पुस्तक परत केल्यावर काउंटरपाशी उभ्यानं वाचा. मोठ्यानं वाचायचं नाही, कारण रांगेत मागं उभा असलेला अजून चौदाव्या पानावर असू शकतो.

शेवट कळल्याशिवाय माणसाला झोप येत नाही, हे त्याला स्वतःवरून ठाऊक होतं. पोट्टे दुसऱ्याच दिवशी धापा टाकत परत यायचे. नावं लिहून ठेवायची गरजच पडली नाही. शेवट पेटीत आहे म्हणजे पुस्तक परत येणारच, एवढं पुरे होतं. दुपारी जेवण झालं की संघपाल शटर खाली ओढून आत चटईवर आडवा व्हायचा. कुलूप नाही. नेहमीचे पोट्टे शटर हातभर उचलून बोक्यासारखे आत घुसायचे, पेटीतून आपलं पान काढून वाचायचे, पुस्तक ठेवून निघून जायचे. संघपालची झोपसुद्धा मोडायची नाही.

अशा रीतीनं सगळी पुस्तकं परत आली. बारा सोडून.

त्यातली अकरा कुठं आहेत हे अख्ख्या गावाला माहीत होतं. दौलतराव गुरुजींच्या कपाटात. वर्गात कॉमिक्स सापडलं की गुरुजी ते जप्त करायचे आणि पोराच्या पाठीत असा धपाटा घालायचे की पोराला शेवटच्या पानाची आठवण राहू नये. ती अकरा पुस्तकं संघपालनं दुसऱ्या प्रतींवरून कधीच वाचून टाकली होती. त्यांचं दुःख नव्हतं.

दुःख होतं ते बाराव्याचं.

'लोहमुख और सातवां दरवाजा.' लोहमुख म्हणजे लोखंडी मुखवट्याचा एक हिरो. त्या काळी पोट्टे घरातले तेलाचे पिपे कापून तोंडाला बांधायचे आणि नाक कापून घ्यायचे, एवढा तो चालला होता. शहाण्णव साली हा अंक आला, संघपालनं नियमाप्रमाणे आधी पान कापलं, आणि त्यानं मान वर करायच्या आत उरलेलं पुस्तक कोणीतरी घेऊन गेलं. एकच प्रत आली होती. त्याच वर्षी ते काढणारी कंपनी बुडाली. संघपालनं अकोल्याची रद्दी पाहिली, अमरावतीचे फुटपाथ पाहिले. मोबाइल आल्यावर त्याची मुलगी साक्षी हिनं सगळ्या जगात शोधलं. लोहमुखचे बाकी सगळे अंक सापडले. हा नाही.

म्हणजे गोष्ट संघपालनं वाचलीच नव्हती. त्याच्याजवळ होता फक्त शेवट. आणि तो शेवट असा: लोहमुख एका उघड्या दारात बसलेला आहे. मांडीवर बकरी आहे. मुखवट्याच्या भोकांतून पाणी गळतंय. आणि तो म्हणतोय, "यह दरवाजा अब बंद मत करना. बकरी को सब मालूम था." खाली 'समाप्त'. मागच्या बाजूला दंतमंजनाची जाहिरात.

आता सांगा. बकरीला काय मालूम होतं? दरवाजा कोणाचा? लोहमुख, जो मगरीच्या जबड्यातसुद्धा हसायचा, तो रडला कशाला? एकोणतीस वर्षं संघपालच्या डोक्यात ही बकरी चरत होती. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत. बाजारात कुठं बकरी दिसली की तो थांबून तिच्या तोंडाकडे पाहत राही.

त्याचा संशय होता सेवादासवर. सेवादास म्हणजे शेजारचा 'जय सेवालाल मंडप, साउंड व ड्रेसवाला'. दोघं शाळेपासूनचे. सेवादासला कॉमिक्स फुकट वाचायची सवय आणि परत ठेवायची नाही.

"खरं सांग, सेव्या. तूच नेलं."

"सेवालाल महाराजाची आन, म्या नाई नेलं. एकोनतीस वर्सं तेच तेच. माया बायकोनं बी इतका संशय नाई घेतला माया वर."

"तुया बायकोचं पुस्तक नाई हरपलं."

यंदा दिवाळीनंतर मागच्या भिंतीला वाळवी लागली आणि विषय निकालाला आला. सहाशेच्या वर कॉमिक्स होते. वाळवीनं खाण्यापेक्षा लेकरांनी नेलेले बरे, असं संघपाल म्हणाला. साक्षीनं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं की बाहेरच्या देशात कॉमिक्सची दुकानं वर्षातून एक दिवस पुस्तकं फुकट वाटतात, आणि त्या दिवशी हिरो-बिरोंचे ड्रेस घातलेले पाहुणे येतात.

"आपन बी करू न, पप्पा. एकाले एक पुस्तक. ड्रेस सेवाकाकांपाशी हायेतच."

"आन् शेवटची पानं?"

"ती चिकटवू."

मग दोन आठवडे बाप-लेक मैद्याची खळ करून पानं चिकटवत बसले. शेवटी पेटीत बारा पानं उरली. साक्षीनं त्या बाराव्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायला मोबाइल काढला, तर बापानं तिचा हातच धरला.

"नाई. ज्यानं पुस्तक नेलं त्यानं शेवट नाई वाचला. तो फोटोत पाह्यला तं तो येईन कायले?"

इथं साक्षीच्या लक्षात आलं की फुकट वाटपाचा हा सगळा थाट म्हणजे बापानं लावलेला गळ आहे. सहाशे पुस्तकं हे त्याचं आमिष होतं. मासा एकच. तोही वाटपाच्या रविवारी लागला नाही तर पुन्हा लागणार नाही, कारण रविवारनंतर दुकानात कॉमिक्सच उरणार नव्हते. मग जुनं गिऱ्हाईक यायचं कशासाठी?

तिनं मेसेज लिहिला: 'लोहमुख और सातवां दरवाजा. शेवटचं पान आमच्याकडे आहे. बाकीचं कोणाकडे आहे? रविवारी आणावं.' मेसेज गावोगाव फिरला. एका ग्रुपवर कोणी विचारलं की हे सातबाराचं शेवटचं पान आहे का, आणि असेल तर तलाठी कोण.

रविवार उजाडला. जानेवारी सरत आलेला. शाळांच्या गॅदरिंगा आटोपल्यामुळे सेवादासकडचे सगळे ड्रेस रिकामे होते, पण त्यात एकही हिरो नव्हता. गॅदरिंगला लागतात ते होते: टमाटा, वांगं, भेंडी, परी, पोलीस, डॉक्टर. ते सगळे लेकरांना चढवले. मोठ्या मापाचा ड्रेस एकच, वाघ. तो सेवादासनं स्वतः घातला, वाघाचं डोकं काखेत धरून काउंटरपाशी खुर्ची टाकली आणि माइक हातात घेतला.

"या, या! फुकट हाय, लाजू नका! एका मानसाले एक! ओ टमाटा, तुये दोन झाले, एक वापस ठेव!"

दहा वाजेपर्यंत रस्त्यावर भाजीबाजार भरला. वांगी आणि भेंड्या पुस्तकं घेऊन ओट्यावर बसल्या. एक परी डॉक्टरच्या हातातलं पुस्तक ओढत होती. संघपाल प्रत्येक येणाऱ्या माणसाच्या आधी हाताकडे पाहत होता. हातात जुनं काही दिसतं का? नाही. पिशव्या येत होत्या त्या रिकाम्या.

साडेदहाला गर्दी आपोआप दुभंगली. दौलतराव गुरुजी आले होते. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. चाळिशी ओलांडलेले दोन-तीन बाप्ये नकळत सावरून उभे राहिले.

गुरुजींनी पिशवी काउंटरवर ठेवली. आत जप्त मुद्देमाल होता. संघपालनं एकेक पुस्तक काढलं. आठ, नऊ, दहा, अकरा. पिशवी उलटी करून झटकली. खडूचा एक तुकडा पडला.

"बारावं नाई, गुरुजी?"

"अकराच होते, लेका. मी मोजून जप्त करत होतो." गुरुजी घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता एक काम कर. याईची शेवटची पानं दाखव."

"म्हंजे तुमी..."

"जप्त केलं तं वाचून पाहा लागते न, लेकरं काय वाचून राह्यले ते." गुरुजी इकडेतिकडे पाहत म्हणाले. "त्या नागाच्या गुहेतून तो पोरगा निघाला का नाई, तेवढं आधी सांग. रिटायर होऊन वीस वर्सं झाले मले."

वाघ माइकमध्येच हसला, तो दर्ग्यापर्यंत ऐकू गेला. संघपालनं गुरुजींना स्टूल दिलं, पेटीतली अकरा पानं दिली. गुरुजी नाकावर चष्मा ठेवून बसले आणि त्यांचा धाक तेवढ्यापुरता त्या गर्दीतून उठून गेला.

पेटीत एक पान उरलं.

बारा वाजले, एक वाजला. पुस्तकांचे ढीग चटईला लागले. सवयीनं संघपालची नजर शटरकडे गेली, पण आज आडवं व्हायचं नव्हतं. साक्षी म्हणाली, "पप्पा, जेवून घ्या. येनार असता तं आला असता."

"असंन."

"एका पुस्तकासाठी..."

"पुस्तकासाठी नाई वं. बकरीसाठी."

आणि तेवढ्यात सेवादासची किंकाळी आली. वाघ खुर्चीवर चढून उभा होता आणि त्याचं शेपूट एका बकरीच्या तोंडात होतं.

काळी, कोवळी, अजून न व्यालेली. अंगानं टोपलीएवढीच. गळ्यात लाल दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आठ-नऊ वर्षांची एक पोरगी, आणि त्या पोरीच्या तोंडावर तेलाचा पिपा कापून केलेला मुखवटा. कडा दुमडून आतून चिंधी लावलेली, म्हणजे नाक कापू नये. डाव्या डोळ्यावर तीन रिबिटी ठोकलेल्या, थेट लोहमुखच्या मुखवट्यासारख्या.

रस्त्यावर हसू उसळलं. वांगं विचारत होतं, ही कोण, रोबोट का? पोलीस म्हणाला, बकरी काहून आणली? संघपाल तेवढा हसला नाही. लोहमुख कोण हे आजच्या एका पोराला माहीत नव्हतं. तीन रिबिटी तर गुरुजींनाही आठवल्या नसत्या. आणि लोहमुखच्या बाकी एकाही अंकात बकरी नव्हती. एकाही. ते त्याच्याएवढं कोण सांगू शकणार होतं?

तो काउंटरवरून उडी मारून खाली उतरला. चोपन्नाव्या वर्षी ती उडी शोभली नाही.

"बेटा, तुले बकरी कोनं सांगतली?"

मुखवट्यातून आवाज आला, "मायनं."

माय मागंच उभी होती. चाळिशीची, अंगणवाडीच्या साडीत, खांद्यावर पर्स. चेहऱ्यावर असा भाव की जणू ग्रामसभेत चुकून हात वर झाला.

"भाऊ, मी भागिरथा. हे मायी धाकटी, संस्कृती. अनसिंगहून आलो. कंडक्टरनं बकरीचं बी अर्धं तिकीट फाडलं." मग पर्समधून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हे तुमचं राह्यलं होतं मायापाशी."

कव्हरचा रंग उडाला होता, पण दरवाजा दिसत होता. संघपालनं पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यांदा शेवट पाहिला. अर्ध्या इंचाची कोर. त्याच्याच ब्लेडची.

"पाहा!" वाघ खुर्चीवरून ओरडला. "पाहा सगळ्याईनं! म्या नोतं नेलं! एकोनतीस वर्सं! माफी माग, संघ्या!"

"मागतो, मागतो. शेपूट सोडव आधी." आणि भागिरथाकडे वळून, "बाई, वापस काहून नाई आनलं?"

"आनलं होतं न." ती म्हणाली. "मी आसेगावची. इथं सातवीले होती. सातवीचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी. पेपर झाला, मी पयतच आली दुकानात. म्हनलं, पुस्तक देतो, पान वाचतो, मंग बस धरतो. तं तुमचं शटर बंद. लय येळ बसली मी या ओट्यावर. शेवटी बस निघून राह्यली होती, गेली. पुढं मायी शाळा बंदच झाली, मंग मंगरूळले कोन आनते?"

"किती वाजता आलती?"

"असंन दीड-दोन."

संघपालनं ओट्यावर बसलेल्या भेंडीकडे, मग शटरकडे पाहिलं. दीड-दोन वाजता तो आतच होता. चटईवर. शटरला कुलूप नव्हतं. हातभर उचलायचं होतं.

"शटर बंद नोतं, बाई," तो हळूच म्हणाला. "नुसतं ओढेल होतं."

"आता मले काय माईत? पोट्ट्याईले माईत असंन."

खरंच होतं. शटरखालून घुसणारे सगळे पोट्टेच होते. पोरी तेव्हा दुकानात यायच्या दोन किंवा तीन, आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

संघपालनं पेटी उघडली, पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. "उभ्यानंच वाचा लागते. नियम हाय." मग स्वतः तिचं पुस्तक उघडून काउंटरला टेकला. झेरॉक्सला आलेला एक माणूस परत गेला.

गोष्ट साधीच होती. डाकूंनी अख्खं गाव एका किल्ल्यात कोंडलेलं. किल्ल्याला एकाआड एक सात दरवाजे. लोहमुख पहिला दरवाजा डोक्यानं फोडतो, दुसरा हत्तीनं, तिसरा बारूद लावून. सहा दरवाज्यांत सव्वीस पानं जातात. सातवा काही केल्या फुटत नाही. लोहमुख धडका मारतो, मुखवटा चेपतो. संघपाल वाचत वाचत मागं गेला, पुन्हा पुढं आला, आणि एकदम त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. प्रत्येक पानावर, चित्राच्या कोपऱ्यात, एक बकरी होती. एवढीशी. कधी दाराच्या आत चरताना, कधी बाहेर. सातव्या दाराच्यासुद्धा. दाराला कडीच नव्हती. धडका मारणारा माणूस ते लोटत होता आणि बकरी शिंगानं ओढून उघडत होती. सव्वीस पानं ती आत-बाहेर करत होती आणि कोणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"बकरीले सगळं माईत होतं," संघपाल म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांचं काय चाललंय ते त्यानं कोणाला पाहू दिलं नाही.

भागिरथाचं पान केव्हाच वाचून झालं होतं. तिनं ते उलटं करून दंतमंजनाची जाहिरातही वाचली.

"बस? एवढंच?"

"एवढंच म्हंजे?"

"नाई, चांगलं हाय. पन रडतेच कायले तो? मी तं समजली का..." ती थांबली. "जाऊ द्या. मी आपली अंगनवाडीत लेकराईले सांगतो, ते येगळंच हाय. मले शेवट माईतच नोता न, तं मीनं मायाच लावला. पंधरा वर्सं झाले सांगून राह्यली."

"माय, सांग न," मुखवटा म्हणाला.

"सांग, बाई," गुरुजी स्टुलावरून म्हणाले. अकरा पानं वाचून त्यांची भूक चाळवली होती.

भागिरथानं पदर खोचला. अंगणवाडीतली बाई एकदा सांगायला लागली की तिला माइक लागत नाही. तिच्या गोष्टीत लोहमुख सातव्या दाराशी थकून झोपतो. रात्री बकरी उठते, त्याचा मुखवटा हळूच तोंडात धरून काढते आणि स्वतःच्या तोंडावर चढवते. दार ओढते. आत डाकूंचा सरदार बसलेला. त्याला वाटतं, लोहमुखच आला. टमाटे, वांगी, पऱ्या पुस्तकं मिटून पुढं सरकल्या. वाघ जमिनीवर बसला. सरदार म्हणतो, लोहमुख, एवढा बारीक कसा झालास? बकरी एक शब्द बोलत नाही. ती पुढं जाते, सरदाराच्या कानापाशी तोंड नेते, आणि त्याच्या कानात...

भागिरथानं घड्याळ पाहिलं.

"माय वो, वाशीमची बस! तिथून अनसिंगची भेटाची नाई. उठ, संस्कृती, बकरी घे."

"मंग?" संघपाल म्हणाला.

"मंग काय?"

"कानात काय म्हनते बकरी?"

भागिरथा पायरीवर थांबली. लाजरेपणा कुठं गेला होता कुणास ठाऊक. ती हसली तेव्हा तिचे सातवीतले डोळे दिसले.

"ते शेवटचं पान झालं, भाऊ. शेवटचं पान दुकानातच राह्यते न? मायं दुकान अनसिंगले हाय." तिनं काउंटरवरच्या पुस्तकाकडे बोट केलं. "हे न्या वाचाले. वापस कराले याल तवा सांगीन."

"अवं बाई, असं नको करू," गुरुजी काठी टेकत उठले. "माया वयाकडं पाह्य."

पण लोहमुख, त्याची माय आणि बकरी बसस्टँडकडे निघाले होते. वळणावर लोहमुखनं मागं वळून वाघाला जीभ दाखवली असावी. मुखवट्यामुळे नक्की सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी झेरॉक्सची पहिली दोन दुकानं उघडली. तिसऱ्याचं शटर खाली होतं आणि त्यावर मैद्याच्या खळीनं एक कागद चिकटवलेला होता. संघपालचं अक्षर: 'दुकान उघडं आहे. शटर उचला. साक्षी आत आहे. मी अनसिंगला गेलो.'

त्याखाली थरथरत्या, जुन्या वळणाच्या अक्षरात कोणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं: 'मीही.'